पे-स्लिप खालून वर वाचा : सरकारी नोकरीतले ऐच्छिक लाभ कसे निवडायचे

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की आपण एकच आकडा बघतो, हातात किती पडले तो. पे-स्लिप सेवार्थवरून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगार-प्रणालीवरून, काढतो ती फक्त कर्जाला जोडायला. कोल्हापुरात वेगवेगळ्या कार्यालयांत आस्थापनेच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "साहेब, हे चारशे रुपये कशाचे कापतात ओ?" विचारणारा कधी बारा वर्षं नोकरी झालेला असायचा, कधी वीस. ती कपात त्यानेच कधीतरी सही करून सुरू केलेली असायची.

ऐच्छिक लाभांचं दुखणं हेच आहे. सक्तीच्या गोष्टी कार्यालय करून घेतं. ऐच्छिक गोष्टीसाठी तुमच्या मागे कुणी लागत नाही आणि तुम्ही गप्प राहिलात की 'नको' असं धरून फाईल पुढे सरकते. म्हणून एका रविवारी दोन तास काढा आणि खाली लिहिलंय त्या क्रमाने जा. हे सगळं राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना धरून लिहिलंय. जिल्हा परिषद, महापालिका आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांकडे योजनांची नावं आणि कार्यालयं थोडी वेगळी असतील, पण कागद वाचायची पद्धत तीच.

पहिली पायरी : तीन रंगांचे पेन

गेल्या वर्षभरातल्या दोन पे-स्लिपा काढा. एक मार्चच्या आसपासची आणि एक सप्टेंबरच्या आसपासची. दोन अशासाठी की काही कपाती वर्षातून एकदाच होतात. राज्य कर्मचाऱ्यांच्या अपघात विम्याचा हप्ता तसा आहे. काहीशे रुपये जातात आणि अकरा महिने त्याचं नावही दिसत नाही.

आता कपातींची बाजू खालून वर वाचत चला. व्यवसाय कर, गट विमा, आयकर, निवृत्तिवेतनाचं अंशदान ही सक्तीची, त्यांना काळा रंग. सोसायटी, डाक जीवन विमा, एलआयसी, भविष्य निर्वाह निधीत किमानापेक्षा जास्त टाकलेली रक्कम ही तुम्ही निवडलेली, त्यांना निळा. सण अग्रिम, वाहन अग्रिम, घरबांधणी अग्रिम यांचे हप्ते संपणारे आहेत, त्यांना लाल. लाल ओळीशेजारी शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात ते लिहून ठेवा. सण अग्रिम बिनव्याजी असतो, दहा हप्त्यांत फिटतो. हप्ते फिटून गेल्यावरही एखाद्या महिन्यात कपात झालेली मी पाहिली आहे आणि ती परत मिळवायला अर्ज करावा लागतो.

एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही तर आस्थापना टेबलाला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर "बघून सांगतो" एवढंच उत्तर मिळेल. माझ्या टेबलावरूनही तेच मिळायचं, खोटं कशाला बोलू.

दुसरी पायरी : पेन्शनचा कागद कोणता, ते आधी ठरवा

1 नोव्हेंबर 2005 ही आपल्याकडची फाळणीची तारीख. त्याआधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी, नंतरच्यांना अंशदान योजना, म्हणजे आजची एनपीएस. मधला एक गट आहे. त्याची जाहिरात त्या तारखेआधीची, पण नेमणूक नंतरची. त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देणारा शासन निर्णय 2 फेब्रुवारी 2024 चा आहे. त्या गटात असाल आणि पर्याय दिला असेल, तर सेवापुस्तकात त्याची नोंद झाली आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अर्ज दिला म्हणजे नोंद झाली, असं होत नाही.

जुन्या योजनेतल्या मंडळींचा ऐच्छिक भाग सोपा आहे. निधीत किमान कपातीपेक्षा जास्त टाकायचं का, एवढंच. 2020 च्या एप्रिलपासून व्याजदर 7.1 टक्क्यांवर आहे आणि सुरक्षितता सरकारी आहे. निवृत्ती पाच-सात वर्षांवर आली असेल आणि मुलांची शिक्षणं उरकली असतील, तर माझ्या मते ज्यादा रक्कम टाकायला याहून बिनघोर जागा नाही. फक्त वर्षाला पाच लाखांच्या वर जाऊ नका, त्यावरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो.

एनपीएसवाल्यांनी आकडा कागदावर मांडूनच बघावा. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये. तुमचे दहा टक्के म्हणजे 6,000, सरकारचे चौदा टक्के म्हणजे 8,400. महिन्याला 14,400, वर्षाला 1,72,800. प्रान क्रमांकाने, म्हणजे एनपीएसच्या तुमच्या कायम खाते क्रमांकाने, लॉगिन करून ही रक्कम दरमहा जमा दिसते का ते तपासा. महिना गळाला असेल तर चूक कोषागारापेक्षा कार्यालयातच सापडण्याची शक्यता जास्त. बदली झाली की हमखास गळतो.

याच जागी खरा निर्णय येतो. मार्च 2023 चा संप आठवत असेल, 14 तारखेपासून आठवडाभर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सगळे रस्त्यावर होते. त्यानंतर राज्याने सुधारित योजना आणली आणि ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेलाही, म्हणजे यूपीएसलाही, मान्यता दिली. यूपीएसचा सांगाडा असा : 25 वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शन, किमान 10 वर्षं सेवेला महिना किमान 10,000, आणि पश्चात कुटुंबाला पेन्शनच्या 60 टक्के. एनपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी 60 टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम उचलता येते आणि उरलेल्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ठरावीक काळाने पेन्शन देणारी योजना, घ्यावी लागते. म्हणजे एका बाजूला ठरलेली पेन्शन, दुसऱ्या बाजूला हातात मोठी रक्कम आणि बाजारावर हेलकावणारी पेन्शन.

कुणाला काय परवडेल? उशिरा, पस्तिशी-छत्तिशीत लागलेल्यांची पंचवीस वर्षं भरत नाहीत, त्यांनी 50 टक्क्यांच्या आकड्याला भुलू नये, आपली सेवा किती होते ते मोजावं. लवकर लागलेले, घरात दुसरी कमाई नसलेले आणि शेअर बाजाराचं नाव काढलं की ज्यांची झोप उडते, अशांना ठरलेली पेन्शन बरी. पर्याय देण्याच्या मुदतीसाठी चालू परिपत्रक वाचा, चहाच्या गाड्यावर ऐकलेली तारीख धरू नका. आणि पर्याय दिलात की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच घरी न्या.

तिसरी पायरी : डाक जीवन विमा

पोस्टाचा हा विमा 1 फेब्रुवारी 1884 ला सुरू झाला. मुळात सरकारी नोकरांसाठी आहे म्हणून हप्ता तुलनेने कमी आणि बोनस बरा. 'संतोष' ही ठरावीक मुदतीची पॉलिसी बहुतेकजण घेतात. 'सुरक्षा' आयुष्यभराची, 'सुमंगल' अधूनमधून पैसे परत देणारी, 'युगल सुरक्षा' नवरा-बायको दोघांची. 'संतोष' आणि 'सुरक्षा' वयाच्या 19 ते 55 मध्ये घेता येतात आणि विमा रक्कम 50 लाखांपर्यंत.

एजंट सांगतो तो बोनस असा समजून घ्या. गेली काही वर्षं 'संतोष'ला हजारी 52 रुपये मिळत आले आहेत. पाच लाखांच्या पॉलिसीला वर्षाला 26,000 बोनस. वीस वर्षं हाच दर टिकला असं धरलं तर 5,20,000 बोनस आणि पाच लाख मूळ, मिळून 10,20,000. हा बोनस चक्रवाढ नाही. दरवर्षीचा बोनस विमा रकमेवर निघतो, आधीच्या बोनसवर नाही. तेव्हा स्वतःचा हप्ता गुणिले 240 करा, तो आकडा 10,20,000 शेजारी ठेवा आणि मग ठरवा. एकदम वर्षाचा हप्ता भरला तर दोन टक्के सूट असते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला.

आता माझीच गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणाहून माझी कोल्हापुरात बदली झाली. नव्या कार्यालयाने पगार काढला तो अंतिम वेतन प्रमाणपत्र बघून, आणि त्या एलपीसीवर डाक विम्याची कपात लिहायची राहून गेली होती. दुसऱ्यांची प्रमाणपत्रं तपासणारा मी, पण स्वतःचं वाचलं नाही. हातात येणारा पगार थोडा वाढलेला दिसला, तो घरभाड्यातला फरक असेल असं मी समजलो. चार महिने हप्ता गेला नव्हता. तीन वर्षं पूर्ण न झालेल्या पॉलिसीचे सहा हप्ते थकले की ती बंद पडते, जुनीचे बारा. म्हणजे मी दोन महिन्यांनी वाचलो. दंडासह भरणा केला आणि घरी चार दिवस बोलणी खाल्ली.

तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, बदलीच्या वेळी एलपीसीची प्रत हातात घेऊन तिथेच उभ्याने निळ्या ओळी जुळवा. निरोपाचा नारळ आणि शाल नंतर.

एक गोष्ट मात्र एजंट सांगणार नाही. चाळिशीच्या आतले असाल आणि घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर पाच लाखांच्या पॉलिसीने काही भागत नाही. तिथे निव्वळ मुदत विमा, ज्याला टर्म म्हणतात, तो आधी आणि बचतीचा विमा नंतर.

चौथी पायरी : पगाराचं खातं खरंच पगाराचं आहे का

बहुतेक मोठ्या बँका सरकारी कर्मचाऱ्यांना सॅलरी पॅकेज देतात. त्यात अपघात विमा, शून्य शिल्लक, कर्जाच्या व्याजात थोडी सवलत असं काहीबाही असतं. यातला अपघात विमा दांडगा असतो आणि त्याला तुमच्या खिशातून काही जात नाही. पण अनेकांचं खातं कॉलेजात असताना काढलेलं साधं बचत खातं असतं, पगार त्यातच जमा होत असतो, आणि बँकेच्या दप्तरी ते पॅकेजमध्ये कधी आलेलंच नसतं.

ओळखपत्र आणि ताजी पे-स्लिप घेऊन शाखेत जा. खातं कोणत्या प्रकारात आहे, अपघाती मृत्यूची आणि अपंगत्वाची रक्कम किती, दावा किती दिवसांत करायचा आणि विमा कंपनी कोणती, एवढं लेखी मागा. ई-मेल आला तरी चालेल. आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते त्याच खिडकीत बघून घ्या.

पाचवी पायरी : सोसायटी आणि जामीन

कोल्हापूर जिल्ह्यात सहकार कुणाला शिकवायची गरज नाही. दूध, ऊस, पाणी, पगार, सगळ्याला सोसायटी. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत सभासद होणं ऐच्छिक आहे, पण नोकरी लागून महिना व्हायच्या आत कुणीतरी फॉर्म पुढे करतोच. मी याच्या विरोधात नाही. अडीअडचणीला सोसायटी दोन दिवसांत पैसे देते, बँक दोन दिवसांत फक्त यादी देते. बऱ्याच सोसायट्यांत सभासद वारला तर कल्याण निधीतून कर्ज भागवायची सोय असते. ही सोय तुमच्या सोसायटीच्या पोटनियमांत आहे का आणि किती रकमेपर्यंत आहे, हे सही करण्याआधी विचारा.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. सहकारी बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत आहे. पाटीवर 'पतसंस्था' आहे की 'बँक', हा फरक निवृत्तीची रक्कम ठेवताना मोठा ठरतो.

दुसरी गोष्ट, जामीन. शेजारच्या टेबलावरचा येतो, म्हणतो, "दादा, एक सही." आपण देतो, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. सहकार कायद्याच्या कलम 49 प्रमाणे सोसायटीचा हप्ता पगारातून कापायचं कबूल केलेलं असतं, त्यामुळे कर्जदाराकडून वसुली थांबली की पत्र येतं ते जामीनदाराच्या कार्यालयात. माझ्या ओळखीच्या एका शिपायाची दीड वर्ष कपात झाली, कर्ज दुसऱ्याचं, कर्जदार स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावाकडे. रागावून उपयोग नाही, सही खरी होती. तेव्हा आपण कुणाला, किती रकमेला, कोणत्या वर्षी जामीन आहोत याची यादी करा. आठवत नसेल तर सोसायटीकडे अर्ज द्या, तुमच्या नावावरचं जामीनकीचं विवरण मागा. कर्ज फिटल्यावर नाव कमी झाल्याचा दाखला मागायला लाजू नका.

सहावी पायरी : दवाखाना

महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम 1961 चे आहेत. खासगी दवाखान्यातल्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते ती 2005 च्या शासन निर्णयातल्या 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांसाठी. आपल्याकडे बिलांचा रस्ता जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयातून जातो, म्हणून सगळेजण 'सीपीआरची', म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याची, 'सही' म्हणतात. पैसे आधी तुम्ही भरायचे आणि परत मिळायला वेळ लागतो, हे धरूनच चाला.

यातली खरी ऐच्छिक गोष्ट कित्येक भगिनींना ठाऊकच नसते. विवाहित महिला कर्मचारी आपल्यावर अवलंबून असलेले आई-वडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एका जोडीची निवड करू शकते. ही निवड सेवापुस्तकात नोंदवावी लागते. आजारपण आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज अर्ज द्या. नवरा-बायको दोघेही सरकारी असतील तर मुलांचा आणि पालकांचा दावा कोण करणार, याचं घोषणापत्रही त्याच वेळी.

प्रतिपूर्ती असली तरी वेगळा आरोग्य विमा असावा, असं माझं मत आहे. अॅडमिट करताना डिपॉझिट मागतात तेव्हा शासन निर्णय दाखवून चालत नाही.

रजांबद्दल थोडक्यात

बालसंगोपन रजा 2018 पासून आहे. महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे. दहावी-बारावीच्या वर्षी अनेकींना तिचा उपयोग होतो, पण अर्ज फेब्रुवारीत आला तर साहेब कुरकुर करणारच, दिवाळीच्या आधी द्या. अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात. स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत घ्यायची असेल तर जायच्या आधी मंजुरी, आणि तिकिटं जपून. मूळ गाव करवीर तालुक्यात आणि नोकरी कोल्हापुरात, अशांनी स्वग्रामचा विषय सोडून द्यावा.

सातवी पायरी : 'टॅक्स वाचतो' हे कारण तपासा

जानेवारी-फेब्रुवारीत कार्यालयात एजंटांचा राबता वाढतो. प्रत्येकजण टॅक्स वाचवायला आलेला असतो. आता 2025-26 चा हिशोब बघा. समजा वर्षाचा पगार 9,50,000, त्यात सरकारचं पेन्शन अंशदान धरलेलं नाही. नव्या पद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 8,75,000. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट असल्याने कर शून्य. कोणतीही पॉलिसी न घेता.

जुन्या पद्धतीत त्याच पगाराला 50,000 प्रमाणित वजावट आणि 80 सी ची दीड लाखाची वजावट करून 7,50,000 उरतात. त्यावर कर उपकरासह 65,000. आणखी 50,000 एनपीएसमध्ये स्वतःहून टाकले तर 54,600. म्हणजे पन्नास हजार अडकवून कर साडेचोपन्न हजारांवर आणायचा, जो दुसऱ्या पद्धतीत मुळातच शून्य आहे! घरकर्जाचं मोठं व्याज असेल किंवा पगार बराच वर असेल तर जुनी पद्धत मांडून बघावी, एरवी नव्या पद्धतीतल्या माणसाने कर वाचवण्यासाठी विमा घेणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री विकत घेणं. विमा घ्या, पण विमा हवा म्हणून.

एनपीएसवाल्यांनी फॉर्म 16 मध्ये एक ओळ बघायची. सरकारचे 14 टक्के उत्पन्नात धरले असतील तर तेवढीच वजावटही दिली आहे का? ही वजावट नव्या पद्धतीतही मिळते. काही वेळा उत्पन्नात धरतात आणि वजावट विसरतात. एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होत असल्याने कलमांचे ओळखीचे नंबर बदलतात, तेव्हा '80 सी' तोंडपाठ असणाऱ्यांनी नवा फॉर्म सावकाश वाचावा.

आठवी पायरी : नावं आणि पिशवी

भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस, गट विमा, उपदान (ग्रॅच्युइटी), डाक विमा, पगाराचं खातं, सोसायटीचे शेअर्स : प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन वेगळं असतं. एका ठिकाणी बदललं म्हणून बाकीकडे बदलत नाही. लग्नाआधी लागलेल्यांनी तर हे आजच बघावं. एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबालाही मृत्यू उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने झाली आहे. उपदानाची कमाल मर्यादा सप्टेंबर 2024 पासून 20 लाख आहे. एवढ्या रकमा चुकीच्या किंवा कोऱ्या फॉर्ममुळे वर्षानुवर्षं अडकतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा कुंभार गल्लीपासून शाहूपुरीपर्यंत किती घरांतली कपाटं भिजली ते सगळ्यांनी पाहिलं. पोहोचा, पॉलिस्या, सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत एका जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, आणि फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर.

शेवटी एका कागदावर वरची सगळी यादी लिहा. योजना, क्रमांक, रक्कम, नाव कुणाचं, विचारायचं कुठल्या कार्यालयात. तो कागद घरच्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. मी दाखवला तेव्हा बायकोने पेन्शन, विमा, बँक सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आणि जामीन कुणाकुणाला राहिलाय, ते कुठं लिहिलंय?"